ट्यूब लावण्याआधी हिफुका गाठा

जपानला राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि लोणच्याच्या शेजारी औषधांचा एक डबा असतो आणि त्या डब्यात खाजेची एक ट्यूब असतेच. बहुतेक वेळा ती तीन औषधांची मिसळ असते: बुरशी मारणारं एक, जंतू मारणारं एक आणि सोबत एक जोरदार स्टेरॉइड. लावली की दोन दिवसांत आग थांबते, म्हणून तिच्यावर आपला विश्वास बसतो. या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की जपानमध्ये कातडीचं काही दुखणं उठलं तर ती ट्यूब उघडण्याआधी गल्लीतल्या त्वचारोग दवाखान्यात, म्हणजे ‘हिफुका’त जा. ते आपल्याला वाटतं त्याहून सोपं आणि स्वस्त आहे.

मी स्वतः हे उलट्या क्रमाने केलं. तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईत आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात, इथल्या ‘त्सुयु’त, कमरेला सलवारीच्या नाडीच्या जागी खाज सुरू झाली. डब्यातली ट्यूब लावली, बरं वाटलं, थांबवली, पुन्हा उठलं, पुन्हा लावली. दोन महिन्यांत चट्टा पाठीकडे पसरला. अखेर दवाखाना गाठला. डॉक्टरांनी एका छोट्या पात्याने कडेची सालपटं खरवडली, काचपट्टीवर घेऊन त्यावर द्रावणाचा थेंब टाकला आणि शेजारच्याच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काही सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं, आजवर काय लावत होता? ट्यूब घरी होती आणि नाव मला आठवेना. अर्धवट मारलेली बुरशी काचेखाली दिसत नाही आणि स्टेरॉइडने दबलेला नायटा नायट्यासारखा दिसत नाही. आठवडाभर काहीही न लावता परत या, असं त्यांनी सांगितलं. तो आठवडा फार वाईट गेला, पण पुढच्या खेपेला पाच मिनिटांत निदान झालं.

आपल्या लोकांच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक गंभीर बाजू आहे. भारतात गेली काही वर्षं नायट्याची जी हट्टी साथ आहे, तिच्यामागच्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी दिलं, आणि तेही भारतीय उपखंडातून इथे आलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध. या बुरशीच्या अनेक वाणांवर त्याचा परिणाम होत नाही. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांना ती रोज भेटतेच असं नाही. म्हणून सुट्टीत भारतात जाऊन आल्यावर नायटा उठला असेल किंवा घरात आणखी कुणाला असेल, तर ते न विचारता सांगा. महिनाभर नेटाने मलम लावूनही चट्टा हलला नाही, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवता येईल का, असं जरूर विचारा.

आता दवाखाना कसा निवडायचा ते. पाटीवर ‘हिफुका’ असेल तर तिथे विम्यात बसणारे नेहमीचे उपचार होतात. ‘बियो हिफुका’ अशी पाटी असेल तर ते सौंदर्योपचारांचं ठिकाण असतं. डाग, तीळ, केस काढणं, लेझर असं सगळं तिथे स्वतःच्या खिशातून करावं लागतं आणि दर प्रत्येक जण आपापले ठरवतो. पुष्कळ दवाखाने एकाच छताखाली दोन्ही करतात, म्हणून खुर्चीत बसण्याआधी ‘होकेन देसु का’, म्हणजे हे विम्यात आहे का, एवढं विचारून घ्यावं. तोक्योत स्थानकाजवळच्या चकचकीत इमारतीतल्या दवाखान्यापेक्षा वस्तीतला जुना, एका डॉक्टरचा दवाखाना मला नेहमी जास्त भरवशाचा वाटला आहे. तिथे आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं रांगेत असतात, आणि रोजच्या रोगांवर डॉक्टरांचा हात बसलेला असतो. इंग्रजी बोलणारा डॉक्टर हवाच असेल तर सरकारने २०२४ साली देशभरासाठी सुरू केलेल्या ‘नाबी’ या आरोग्यमाहिती-सेवेत भाषा आणि विभाग निवडून शोधता येतं. स्त्री-डॉक्टर हवी असेल तर ‘जोइ’ हा शब्द घालून शोधा.

वेळा नीट पाहून निघा. बहुतेक दवाखाने सकाळी नऊच्या सुमाराला उघडतात, दुपारी मोठी विश्रांती घेतात आणि तीनच्या आसपास पुन्हा सुरू होतात. रविवारी बंद, शनिवारी दुपारनंतर बंद, आणि आठवड्यात मधेच एक वार, बुधवार किंवा गुरुवार, अर्धा किंवा पूर्ण बंद असतो. शनिवारी सकाळी सगळी नोकरदार मंडळी येतात, त्या दिवशी दीड-दोन तास मोडतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी फोनवरून किंवा संकेतस्थळावरून नंबर लावता येतो आणि आपला नंबर कितवा आला तेही घरी बसून दिसतं. फक्त पहिल्या भेटीला, म्हणजे ‘शोशिन’ला, ती सोय काही जण देत नाहीत. नोंदणी बंद होण्याची वेळ दवाखाना बंद होण्याच्या आधी असते, हेही ध्यानात ठेवा.

दारात चपला काढून घरातल्या सपाता घालायच्या, ही पद्धत अजून पुष्कळ जुन्या दवाखान्यांत आहे. आपल्याला ती परकी वाटत नाही. खिडकीवर ‘हाजिमेते देसु’, पहिल्यांदाच आले आहे, एवढं म्हटलं की पुढचं आपोआप होतं. विम्यासाठी आता ‘माय नंबर कार्ड’ हे सरकारी ओळखपत्र यंत्रात ठेवून चेहरा दाखवायचा किंवा चार आकडी परवलीचा क्रमांक दाबायचा. जुनं विमा-ओळखपत्र नव्याने देणं २ डिसेंबर २०२४ पासून थांबलं आहे. ज्यांनी माय नंबर कार्डाला विमा जोडलेला नाही, त्यांना ‘शिकाकु काकुनिन्शो’ नावाचं पत्र मिळतं, ते न्यावं. तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा रहिवास-परवाना असलेल्या परदेशी माणसाला सार्वजनिक विम्यात असणं बंधनकारकच आहे. कंपनीचा ‘शाकाइ होकेन’ नसेल तर पालिकेचा ‘कोकुमिन केंको होकेन’. कागद घरी विसरलात तर पूर्ण पैसे भरावे लागतात. बहुतेक ठिकाणी त्याच महिन्यात विमा दाखवला की फरक परत मिळतो.

खर्चाची भीती घालून घेऊन लोक महिनोन्महिने घरी खाजवत बसतात, म्हणून हिशेब सांगते. इथे विम्यातल्या प्रत्येक उपचाराला देशभर एकच दर असतो आणि तो गुणांत मोजतात. एक गुण म्हणजे १० येन. जून २०२४ च्या दरांनुसार पहिल्या भेटीचे मूळ गुण २९१ होते, म्हणजे २९१० येन. त्यातला ३० टक्के वाटा आपला, म्हणजे पावणेनऊशे येनांच्या आत. खरवडून तपासणं, चिठ्ठी लिहिणं, हे वर थोडं थोडं वाढत जातं. माझं साध्या दुखण्याचं बिल दोन हजार येनांच्या पुढे क्वचितच गेलं आहे, औषधं वेगळी. लहान मुलांसाठी तर तोक्योच्या २३ विभागांत अठरा वर्षांपर्यंत विम्यातल्या उपचाराला पैसेच पडत नाहीत, फक्त पालिकेने दिलेलं ‘इर्योशो’ दाखवायचं. दुसऱ्या शहरांत नियम वेगळे असतात, वॉर्ड कचेरीत विचारून घ्या. रोख रक्कम मात्र जवळ ठेवा. छोट्या दवाखान्यांत कार्ड अजूनही सगळीकडे चालत नाही.

नोंदणी झाली की हातात ‘मोन्शिन्ह्यो’ येतो, म्हणजे प्रश्नावली. कुठे, केव्हापासून, खाज की दुखणं, कोणती औषधं चालू, कशाची ॲलर्जी, गरोदर आहात का, अंगावर पाजता का. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ती भरता येते, पण नावाच्या वर कातांकाना लिपीत उच्चार लिहायची एक ओळ असते तिच्याकडे लक्ष द्या. तिथे जे लिहाल तेच हाकेत ऐकू येईल. देशपांडे ‘देशुपान्दे’ होतात, कुलकर्णी ‘कुरुकारुनि’ होतात. आपलं नाव त्या रूपात आधी दोनदा मोठ्याने म्हणून पाहा, नाहीतर हाक कानावरून निघून जाते आणि मागचा माणूस आत जातो.

जपानमध्ये एक जुनी तक्रार आहे: तीन तास थांबायचं आणि तीन मिनिटं तपासणी. हिफुकात ती बऱ्याच अंशी खरी आहे. डॉक्टर डोळ्यांनी निदान करतात, झटकन करतात, आणि बाहेर चाळीस माणसं असतात. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, पण तयारी मात्र लागते. मी एका कागदावर चार ओळी लिहून नेते: कधी सुरू झालं, कुठून कुठे पसरलं, काय लावलं आणि त्याने काय झालं, काय केलं की वाढतं. भाषांतर यंत्राकडून करून घ्या, पण वाक्यं आखूड ठेवा. ‘माझ्या मते हे पाण्यामुळे असावं’ असला तर्क त्यात नको. तारखा हव्यात. भारतातून आणलेल्या ट्यूबा, अगदी रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या, म्हणजे डॉक्टर मागच्या बाजूचे घटक स्वतः वाचतात. ज्या दिवशी जाणार त्या दिवशी त्या जागी तेल, हळद, पावडर काही लावू नका. हळदीचा पिवळा डाग खालची लाली पूर्ण झाकतो. नखाचं दुखणं असेल तर नेलपॉलिश काढून जा. पायघोळ, सैल कपडे घाला.

आणि चट्टे येतात-जातात असं काही असेल, तर फोटो काढून ठेवा. अंगावर पित्त उठतं तेव्हा ते दवाखान्यात पोहोचेपर्यंत विरून जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. इथे एक सावधगिरी: ‘पित्त’ हा शब्द यंत्राला भाषांतराला दिलात तर डॉक्टरांना यकृताचं काही तरी वाटेल. त्या गांध्यांना इथे ‘जिन्माशिन’ म्हणतात. असेच आणखी काही शब्द जवळ असू द्या. इसब म्हणजे ‘शिश्शिन’, घामोळं म्हणजे ‘आसेमो’, मुरुम म्हणजे ‘निकिबि’, चामखीळ म्हणजे ‘इबो’, खरूज म्हणजे ‘काइसेन’. पायाच्या कुरूपाला जपानी माणूस ‘उओनोमे’ म्हणतो, शब्दशः माशाचा डोळा. बोटांच्या बेचक्यात बुरशीने होणाऱ्या चिखल्यांना ‘मिझुमुशि’. सोरायसिसला ‘कान्सेन’ म्हणतात आणि संसर्गालाही ‘कान्सेन’च. लिहिण्यात फरक आहे, ऐकण्यात नाही. त्यामुळे सोरायसिस असलेल्या जपानी माणसांनाही हा शब्द छळतो. डॉक्टरांनी ‘कान्सेन’ म्हटलं आणि तुम्ही घाबरलात, तर कोणता, ते लिहून मागा.

लिहून मागण्यातही एक गंमत आहे आणि ती माहीत असलेली बरी. ‘काइते’ म्हणजे लिहा, आणि ‘काइते’ म्हणजेच खाजवून. त्वचेच्या डॉक्टरांसमोर ‘काइते’ ऐकू आलं तर संदर्भ पाहा. ‘काइते वा इकेमासेन’ म्हणजे खाजवायचं नाही. लिहून हवं असेल तेव्हा ‘मेमो नि काइते कुदासाइ’ म्हणा.

मराठी माणसाला या देशात एक मोठी सोय आहे, जी मला फार उशिरा कळली. दुखणं सांगायला जपानी भाषा नादाचे जोडशब्द वापरते, अगदी आपल्यासारखे. आपण ठसठसतं म्हणतो, ते ‘झुकिझुकि’. आग आग होते, भगभगतं, ते ‘हिरिहिरि’. चुरचुरतं, चुणचुणतं, त्याला ‘पिरिपिरि’ जवळ जातं. काटा टोचल्यासारखं होतं ते ‘चिकुचिकु’, कातडीखाली काही वळवळल्यासारखं वाटतं ते ‘मुझुमुझु’. दिसण्यालाही असेच शब्द आहेत: बारीक पुटकुळ्या ‘बुत्सुबुत्सु’, कोरडी खरखरीत कातडी ‘कासाकासा’, पाझरणारी ओली जखम ‘जुकुजुकु’. डॉक्टर हे शब्द पोरकट मानत नाहीत. उलट याच शब्दांवरून ते अंदाज बांधतात. एका बाजूलाच ‘पिरिपिरि’ होऊन मग पट्ट्यात फोड उठले म्हटलं की त्यांच्या मनात ‘ताइजो-होशिन’ येणारच, म्हणजे आपली नागीण. आणि नागिणीत घाई हवीच. विषाणूवरची औषधं फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेली उत्तम. कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी जा. इंग्रजीत अवघडून ‘बर्निंग सेन्सेशन’ सांगण्यापेक्षा बोट ठेवून ‘कोको, हिरिहिरि’ एवढं पुरतं.

रंगाचं मात्र आपल्यालाच बोलावं लागतं. सावळ्या कातडीवर दाह लाल दिसत नाही. तो जांभळट, करडा किंवा नुसता गडद तपकिरी दिसतो. लाली शोधायला सरावलेल्या नजरेला आपला इसब आहे त्याहून सौम्य वाटू शकतो. म्हणून रोग नसलेली तशीच जागा, दुसरा हात किंवा दुसरा पाय, शेजारी ठेवून दाखवा आणि ‘इत्सुमो नो इरो तो चिगाइमासु’, नेहमीच्या रंगापेक्षा वेगळं आहे, असं म्हणा. बरं झाल्यावर मागे जो काळा डाग राहतो, तो रोग नव्हे. तो महिन्यांनी हळूहळू फिका होतो. त्याच्यापायी लेझरकडे धावू नका. लेझर गडद त्वचेवर चुकीच्या ताकदीने वापरलं तर भाजतं आणि डाग आणखी काळा होतो. करायचंच असेल तर आमच्यासारख्या त्वचेचे रुग्ण तुम्ही हाताळता का, असा थेट प्रश्न विचारा, आणि आधी कानामागे किंवा आडबाजूला छोट्या जागी करून पाहायला सांगा. गालांवरच्या वांगाला इथे ‘कान्पान’ म्हणतात. तो तर लेझरने बऱ्याचदा चिडतो. त्याच्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात, पण रक्ताच्या गुठळीचा त्रास घरात कुणाला असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

मुरुमांसाठी येणाऱ्या तरुण मुलांना एक धक्का बसतो. भारतात सर्रास मिळणारं आयसोट्रेटिनॉइन जपानमध्ये मान्यताप्राप्त नाही. विम्याच्या दवाखान्यात ते मिळणार नाही, आणि कुणाच्या तरी सामानातून मागवू नका. गर्भावर त्याचे भयंकर परिणाम होतात आणि आयातीवर इथे कडक लक्ष असतं. इथे ॲडापलिन २००८ पासून आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २०१५ पासून विम्यात मिळतं. पहिले दोन आठवडे त्वचा सोलते, चुरचुरते, मग बसते. तेवढ्यात सोडून देणारे फार. पेरॉक्साइडने रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, म्हणून जुने वापरा.

आता मलमांबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण खरी चूक इथेच होते. जपानमध्ये लावायच्या स्टेरॉइडचे ताकदीनुसार पाच वर्ग आहेत. सर्वांत वर क्लोबेटॅसॉल, जे देर्मोवेत या नावाने मिळतं. मधल्या वर्गात रिन्देरॉन-व्ही. खाली सौम्य प्रकार. डॉक्टर शरीराच्या जागेप्रमाणे वर्ग बदलतात, म्हणून एकाच दुखण्यासाठी तीन ट्यूबा मिळाल्या तर गोंधळून जाऊ नका. चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं: ‘काओ’ चेहरा, ‘कारादा’ अंग, ‘ते’ हात, ‘आतामा’ डोकं. अंगाचं मलम चेहऱ्यावर अजिबात नको. १९६७ सालच्या एका गाजलेल्या मोजणीत गालाची त्वचा हाताच्या पुढच्या भागापेक्षा १३ पट स्टेरॉइड शोषते असं दिसलं होतं. चेहऱ्यासाठी पुष्कळदा टॅक्रोलिमसचं मलम देतात. या औषधाचा शोध इथलाच, १९८४ साली त्सुकुबाच्या मातीतल्या एका जीवाणूपासून लागलेला. पहिले काही दिवस त्याने गरम, हिरिहिरि होतं. ते अपेक्षित आहे.

किती लावायचं, यावर सगळे घाबरून चिमूटभर लावतात. मोठ्या ट्यूबमधून बोटाच्या पहिल्या पेरभर काढलं तर साधारण अर्धा ग्रॅम निघतं आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. जपानमध्ये मात्र बहुतेक वेळा पाच ग्रॅमची छोटी ट्यूब मिळते. तिचं तोंड बारीक असल्याने पेरभर काढूनही निम्मंच निघतं. इथल्या परिचारिका एक साधी खूण सांगतात: लावल्यावर त्या जागी टिश्यू कागद ठेवला तर तो चिकटून राहायला हवा. ‘ताप्पुरि’ म्हणजे भरपूर, ‘उसुकु’ म्हणजे पातळ. सांगताना यातला कोणता शब्द वापरला, तो कान देऊन ऐका. ‘ओफुरो-आगारि’ म्हणजे आंघोळीनंतर लगेच. त्या आंघोळीचं पाणी मात्र इसब असलेल्यांनी ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. हिवाळ्यात ४२ अंशांच्या टबात अर्धा तास बसण्याचं सुख कोरड्या कातडीला फार महाग पडतं.

औषधविक्रेता कधीकधी स्टेरॉइड आणि ओलावा देणारं मलम एकत्र घोटून छोट्या गोल डबीत देतो. डबीवर काय लिहिलं आहे ते त्याच दिवशी विचारून मराठीत नोंदवून ठेवा. सहा महिन्यांनी कपाटात सापडलेली अशी डबी कुणाच्या तरी बाळाला लावली जाते, हे मी पाहिलं आहे.

बहुतेक दवाखान्यांत औषध मिळत नाही, ‘शोहोसेन’ म्हणजे चिठ्ठी मिळते. ती दिलेला दिवस धरून चारच दिवस चालते. मधे शनिवार-रविवार आले तरी मुदत वाढत नाही. शेजारच्याच औषधालयात जायची सक्ती नाही, घराजवळच्या कुठल्याही चालते. तिथे ‘ओकुसुरि तेच्यो’ ही औषधांची वही घ्या आणि दर वेळी न्या. त्याच दुकानात तीन महिन्यांत परत गेलात आणि वही दाखवली तर शुल्कही थोडं कमी पडतं. स्वस्त पर्यायी औषध उपलब्ध असताना मूळ कंपनीचंच हवं म्हटलं तर ऑक्टोबर २०२४ पासून जादा पैसे पडतात. शाकाहारी असाल तर गोळी की कॅप्सूल ते विचारा, कारण कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं आणि पुष्कळदा गोळी मिळू शकते. गाडी चालवत असाल तर ‘उन्तेन शिमासु’ सांगा. खाजेच्या काही गोळ्यांवर इथे वाहन चालवायला मनाई आहे, फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनवर तशी नाही.

कुंकू, टिकलीचा गोंद, केसांचा रंग, दागिन्यातलं निकेल यांचा संशय असेल तर चिकटपट्टीची चाचणी करता येते. पण पाठीवर पट्ट्या दोन दिवस ठेवून, मग दोन-तीन वेळा वाचन करायला जावं लागतं आणि त्या दिवसांत पाठीला पाणी-घाम नको. शक्यतो थांबून थंडीत करा.

मोठ्या रुग्णालयात थेट जाण्याचा मोह टाळा. मोठ्या विशेष रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टरांच्या शिफारसपत्राशिवाय गेलं तर ऑक्टोबर २०२२ पासून किमान ७००० येन वेगळे पडतात आणि ते विम्यात येत नाहीत. गल्लीतले डॉक्टर गरज असेल तर ‘शोकाइजो’, म्हणजे ते शिफारसपत्र, लिहून देतात. ते मागायला संकोच वाटू देऊ नका, इथे त्यात डॉक्टरांचा अवमान मानत नाहीत. अपवाद आणीबाणीचा: ओठ सुजले, श्वास लागला तर रुग्णवाहिकेसाठी ११९ला फोन करा. नवं औषध सुरू केल्यावर ताप येऊन तोंडात, डोळ्यांत फोड आले तर सकाळची वाट पाहू नका.

भेटीला येणाऱ्या आई-बाबांचा प्रश्न वेगळा आहे. ते ९० दिवसांच्या व्हिसावर येतात, त्यांना इथला विमा नसतो, आणि पूर्ण बिल भरावं लागतं. काही दवाखाने विमा नसलेल्यांना स्वतःचे चढे दर लावतात. प्रवासविमा घेताना आधीपासूनचा त्वचारोग त्यात धरला आहे का, ते पॉलिसीत शोधून वाचा. त्यांनी नेहमीची चिठ्ठीची औषधं एक महिना पुरतील इतकीच आणायची असतात. तीन महिन्यांची आणायची तर निघण्याआधी ‘युन्यू काकुनिन्शो’ हे आयातीचं पत्र मागवून घ्यावं लागतं. त्याचा अर्ज मुलांनी इथून वेळेत करावा. विमानतळावर आईची सोरायसिसची औषधं काढून घेतली गेली तर तीन महिने तिचे हाल होतात.

पावत्या एका पाकिटात साठवा. घरातल्या सगळ्यांचा मिळून वर्षाचा वैद्यकीय खर्च एक लाख येनांच्या वर गेला तर करात सवलत मागता येते. आणि शेवटचं, ऋतूबद्दल: फेब्रुवारीत सुगीचे पराग सुटतात. आपली सुगी नव्हे, इथल्या ‘सुगि’ नावाच्या उंच झाडांचे. नाकाबरोबर पापण्या आणि मानही खाजू लागते, दवाखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना मागच्या वर्षी त्रास झाला त्यांनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या तासाला जाऊन यावं. जाताना मागच्या वर्षीची वही आणि उरलेल्या ट्यूबा बरोबर असू द्या.